फ्रीजदादा, सांगा लोकांना

‘निवांत’च्या दारात गुलाबपाणी शिंपडणारं यंत्र बसवलेलं होतं. चारुशीलाबाई आत शिरल्या तसा त्याने त्यांच्या कडक इस्त्रीच्या पातळावर फवारा मारला आणि वर लाडिक आवाजात म्हणालं, “आपलं स्वागत आहे, आई.”

“आई कुणाची रे मेल्या?” चारुशीलाबाई म्हणाल्या. “मला मूल नाही. आणि असतं तरी भिंतीत राहिलं नसतं.”

“काकी, मशीन आहे ते,” पराग हळूच म्हणाला.

“मग तुझ्याशी बोलू दे. तुझ्या ओळखीचं दिसतंय.”

पराग हा त्यांच्या थोरल्या जावेचा, हेमलताबाईंचा एकुलता मुलगा. बंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर होता, आणि आईसाठी ‘जागा बघायला’ म्हणून रजा काढून कऱ्हाडला आला होता. जागा बघायला! पूर्वी हे शब्द मुलीच्या लग्नासाठी वापरत, फार तर प्लॉटसाठी. हल्ली आईसाठी वापरतात.

जागेची गरज मात्र खरी होती, हे चारुशीलाबाईही नाकारत नव्हत्या. मागच्या दिवाळीपासून थोरलीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गॅसवर रिकामं पातेलं ठेवून ती देवपूजेला बसे. भल्या सकाळी लोटी घेऊन रस्त्यावर जाई आणि गवळ्याची वाट बघत उभी राही. गवळी जाऊन जमाना लोटला होता; दूध आता छपरावर उतरणाऱ्या भुणभुण्या यंत्रातून येई. तिला रस्त्यावरून धरून आणायचं म्हणजे मागे धावायला हवं, आणि चारुशीलाबाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता.

‘निवांत’च्या आधी दोन जागा बघून झाल्या होत्या. पहिली कऱ्हाडातच, त्यांच्या घराच्या मागच्या गल्लीला. आत पाऊल टाकलं तर फिनेलचा असा भपकारा की परागने रुमाल नाकाला लावला तो बाहेर येईपर्यंत काढला नाही. दोन म्हाताऱ्या एकाच प्लास्टिकच्या खुर्चीचे दोन हात धरून ओढत होत्या, आणि तिथल्या मुख्य सरनोबतबाई लांबूनच ओरडत होत्या, “सोडा म्हणते ना! न्हाई तर दोघींनाबी सतरंजीवर बसवीन!” चारुशीलाबाईंनी बाहेर येऊन एवढंच म्हटलं, “गुरांचा गोठा बरा. तिथे निदान ज्याचं त्याचं दावं वेगळं असतं.” दुसरी जागा टेकडीवर होती आणि तिला पोहण्याचा तलाव होता. ज्यांना नळ बंद करायचं ध्यानात राहत नाही, त्यांच्यासाठी तलाव! चारुशीलाबाई गाडीतून उतरल्याच नाहीत.

म्हणून हे तिसरं, ‘निवांत’. वाईच्या पुढे, घाट चढायला लागतो तिथे. बाग, कारंजं, कुठे आरडाओरडा नाही. व्हरांड्यात म्हातारी माणसं ओळीने बसलेली होती आणि प्रत्येक जण एकटाच हळूहळू हसत होता.

“बघ काकी, किती आनंदात आहेत,” पराग म्हणाला.

“हो. दुकानातल्या बाहुल्याही असतात.”

इथले डॉक्टर केळशीकर पोरसवदा आणि फार समजूतदार होते. समोरचा काही म्हणण्याआधीच समजून घेत. त्यांनी ‘सांगाती’ची माहिती दिली. तीच या जागेची मोठी करामत.

“आजी, असं समजा की आपला मेंदू म्हणजे माळरान,” ते म्हणाले. “जिथून पुन्हा पुन्हा चालतो तिथे पायवाट पडते. या आजारात नव्या वाटा आधी बुजतात. काल काय खाल्लं, नातवाचं नाव काय, हे जातं. पण भीती, माया, ओळखीचा आवाज, या फार जुन्या, खोल गेलेल्या वाटा. त्या सगळ्यांत शेवटी बुजतात. सांगाती त्या वाटा शोधतो.”

शोधतो कसा, तेही त्यांनी दाखवलं. कपाळावर मऊ पट्टी. तिच्यातून निघणारा प्रकाश कवटीच्या आत थोडासा जाऊन परत येई आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्त धावतंय ते सांगे. उशीत आणि छतात कान बसवलेले. ते श्वास नि नाडी ऐकत. या सगळ्यातून पडद्यावर एक रेघ उमटे, तिचं नाव ‘शांतीरेषा’. रेघ वर गेली की रुग्ण घाबरलाय, खाली आली की निवांत. सांगाती मग घरच्या माणसाच्या आवाजात बोलून बघायचा. ज्या शब्दाने रेघ खाली येईल तो लक्षात ठेवायचा, वर नेणारा टाकून द्यायचा. असं करत थोड्याच दिवसांत तो त्या रुग्णाला हवं ते, हवं तेव्हा, हव्या त्या आवाजात बोलायला शिके.

“रुग्णाला खोडून काढायचं नाही, त्याच्या जगात शिरायचं, हे तत्त्व जुनंच आहे,” डॉक्टर म्हणाले. “फक्त माणूस दमतं, चिडतं. सांगाती चिडत नाही.”

“म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडात गुळाचा खडा.”

“अगदी तसंच समजा!”

“आणि पोराचे दात?”

डॉक्टर समजूतदारपणे हसले. त्यांना समजलं नव्हतं.

एक अट होती. महिनाभर बघणार. रेघ खाली आली तर हेमलताबाई इथे राहणार, आणि नाहीच आली तर त्यांना मागच्या इमारतीत, ‘विश्रामकक्षा’त हलवणार. तिथे औषध देऊन झोपवून ठेवत. “त्रास होत नाही त्यांना,” डॉक्टर म्हणाले. मेलेल्यालाही होत नाही, हे चारुशीलाबाईंनी मनातच ठेवलं.

आता आवाज कुणाचा घ्यायचा हा प्रश्न निघाला. हेमलताबाईंनी आयुष्यात सर्वांत जास्त ऐकलेला आवाज हवा होता. नवरा गेलेला, पराग शिकायला बाहेर पडला तो बाहेरच राहिला. राहता राहिल्या चारुशीलाबाई. लग्न होऊन आल्यापासून दोघी एका छपराखाली, एका स्वयंपाकघरात. ईशानी नावाची एक चुणचुणीत मुलगी त्यांना काचेच्या खोलीत घेऊन बसली.

“आजी, तुम्ही दोघी एकमेकींशी काय काय बोलता? काय म्हणून हाक मारता?”

खरं उत्तर असं होतं, की परागच्या लग्नापासून त्या एकमेकींशी एक अक्षर बोललेल्या नव्हत्या.

परागला न्हाऊमाखू घातलं चारुशीलाबाईंनी, गोवरात मांडीवर घेऊन बसल्या त्या. आणि त्याच्या लग्नात सूनमुख बघायची वेळ आली, मांडवात आरसा आणला, तेव्हा थोरलीने शेजारी बसायला हाक मारली ती आपल्या बेळगावच्या बहिणीला. हातात साखरेची वाटी घेऊन चारुशीलाबाई मांडवाच्या खांबाशी उभ्या राहिल्या, त्या उभ्याच राहिल्या. घरी आल्यावर अबोला सुरू झाला.

पण अबोला म्हणजे न बोलणं, असं आजच्या पिढीला वाटतं. यांना धड भांडताही येत नाही, अबोला काय धरणार! एका घरात राहायचं तर दूध किती घ्यायचं, गॅस कधी लावायचा, हे बोलावंच लागतं. फक्त ते तिसऱ्याला सांगायचं. आधी हे तिसरेपण नवऱ्यांकडे होतं. “अहो, सांगा लोकांना, भाजीला मीठ घालायची पद्धत असते.” ते दोघेही आगेमागे गेले. मग उरला स्वयंपाकघरातला फ्रीज. जुना, पोपटी रंगाचा, दाराला गंज चढलेला. “फ्रीजदादा, सांगा लोकांना, पाणी तापलंय.” त्यावर दुसऱ्या ओट्यावरून थोरली, “फ्रीज, सांग धाकटीला, मला डोळे आहेत.” परागने मध्ये बोलणारा नवा फ्रीज पाठवला होता. त्याने पहिल्याच दिवशी मध्ये तोंड घातलं, “ताजं दही संपलं आहे, मागवू का?” दोघींनी तो त्याच दिवशी परत पाठवला. मध्यस्थाने ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. त्या एका बाबतीत दोघींचं एकमत होतं, आणि तेसुद्धा जुन्या फ्रीजच्या मार्फत झालं होतं.

हे सगळं या काचेतल्या पोरीला सांगायचं? घरातलं उणंदुणं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हे सासूबाईंनी दोघी सुनांना माप ओलांडताक्षणी शिकवलं होतं. नलवड्यांच्या घरात एक वेळ माणूस मेलं तरी चालेल, पण चारचौघांत अब्रू जाता कामा नये.

“आम्ही अगदी सख्ख्या बहिणींसारख्या,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “मी त्यांना ताई म्हणते. जेवलीस का गं, झोपलीस का गं, असं आपलं दिवसभर चालू असतं.”

“हो, हो,” पराग छताकडे बघत म्हणाला. “फार गोडवा. सगळी आळी उदाहरण देते.”

त्याच्याही अंगात सासूबाईंचंच रक्त होतं. ईशानीसमोरचा नोंदणीचा दिवा हिरवा झाला.

हेमलताबाईंना पोहोचवून चारुशीलाबाई घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना सवयीने म्हणाल्या, “फ्रीजदादा, सांगा लोकांना, आलं संपलंय.” दुसऱ्या ओट्यावरून काही आलं नाही. त्यांनी बिनआल्याचा चहा घेतला आणि कप आदळला. आदळलेला ऐकायलाही कुणी नव्हतं.

महिना भरत आला आणि ‘निवांत’मधून फोन आला. हेमलताबाई खात नव्हत्या. रेघ खाली येत नव्हती, उलट रोज चढत होती.

पराग विमानाने आला आणि काकीला घेऊन गेला. काचेतून चारुशीलाबाईंनी बघितलं. थोरली पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती, गुडघे पोटाशी, शेजारी खिरीची वाटी तशीच पडलेली. चार माणसांत पदर ढळू न देणारी ती बाई, केसांच्या जटा झालेल्या. आणि छतातून आवाज येत होता. चारुशीलाबाईंचाच, पण पाकात बुडवून काढलेला.

“ताई, जेवलीस का गं? तुझ्या आवडीची शेवयांची खीर केलीय. ये ना गं, ताई.”

थोरली समोरच्या कपाटाकडे बघून खोल आवाजात म्हणाली, “अरे, तिला विचार. डॉक्टरने काय सांगितलंय? कोण चाललंय? मी का ती?”

“मी इथेच आहे ताई,” छत म्हणालं. “मी तुला सोडून कुठेही जाणार नाही.”

थोरलीने दोन्ही हात कानांवर दाबले. पडद्यावरची रेघ टाचणीसारखी उभी राहिली.

“हे असं आहे,” डॉक्टर म्हणाले. “निर्जीव वस्तूंशी बोलणं. आजाराचा पुढचा टप्पा. त्या कपाटाशी बोलायला लागल्या की सांगाती जास्त मायेने बोलतो. पण जितकी माया वाढवतो तितक्या त्या घाबरतात. असा रुग्ण आम्ही पाहिला नाही. आज संध्याकाळी विश्रामकक्षात हलवावं लागेल.”

चारुशीलाबाईंना सगळं कळलं होतं.

नलवड्यांच्या घरात अबोला एकदाच सुटतो. मामंजी आणि त्यांचा धाकटा भाऊ बांधाच्या वादावरून अर्धं आयुष्य बोलले नव्हते. धाकट्याचा श्वास लागला तेव्हा मामंजी गंगेचं पाणी घेऊन गेले, उशाशी बसले आणि म्हणाले, “बाळ, बरा आहेस ना?” तो भाऊ हसला नाही की रडला नाही. त्याने डोळे मिटले, कारण त्याला समजलं. त्या घरात अबोला धरलेलं माणूस आपण होऊन गोड बोलायला आलं, म्हणजे घोंगडं अंथरायची वेळ झाली. हेमलताबाई नवऱ्याचं नाव विसरल्या होत्या, गवळी गेल्याचं विसरल्या होत्या. हे विसरल्या नव्हत्या. महिनाभर दिवसरात्र धाकटी त्यांना ‘ताई, ताई’ करत होती, आणि महिनाभर त्या आपलं किंवा तिचं मरण आता येईल, मग येईल, अशी वाट बघत बसल्या होत्या.

“बंद करा ते,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

“आजी, एकदम बंद केलं तर—” ईशानी म्हणाली.

“बंद कर म्हणते ना! माझाच आवाज आहे, मला शिसारी आली त्याची. अशी बोलले असते मी, तर सासूने पहिल्या वर्षीच माहेरी पाठवलं असतं.”

छत गप्प झालं. चारुशीलाबाई आत गेल्या. थोरलीकडे त्यांनी बघितलंही नाही. तिच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि कपाटाला म्हणाल्या,

“काय हो कपाटराव, सांगा लोकांना. परक्या घरी आलं म्हणजे केस विंचरायचे असतात. माणसं नलवड्यांना नावं ठेवतील.”

पलंगावरची चादर सरसरली.

“कपाटा,” मागून आवाज आला, बारीक पण ताठ, “सांग तिला. फणी घरी ठेवली कुणी? पिशवी भरली कुणी? उंटावरून शेळ्या हाकू नकोस म्हणावं.”

“फणी पिशवीत आहे म्हणावं. खालच्या कप्प्यात. डोळे असले तर दिसेल.”

“डोळे माझे बरे आहेत. खीर कुणी केली विचार तिला. पाण्यासारखी.”

“खायची नसली तर टाकून द्या म्हणावं. कुणी हातपाय जोडलेले नाहीत.”

वाटीत चमचा वाजला. चारुशीलाबाईंनी मान वळवली नाही. पण काचेपलीकडे तिघांची तोंडं उघडी पडलेली त्यांना दिसत होती. पडद्यावरची रेघ उतरत उतरत चांगली आडवी झाली होती, उन्हात झोपलेल्या मांजरासारखी.

बाहेर आल्यावर डॉक्टर केळशीकरांचे डोळे चमकत होते. “विलक्षण! तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुमच्या अंगणात आमची धुणी धुवायला?”

“काही बिघडलं नाही. दोन तास बसा, आणखी थोडं असंच बोला. सांगाती शिकेल. कपाटाच्या मार्फत टोमणे मारेल. अगदी हुबेहूब.”

परागचा चेहरा इतका उजळला की बघवेना. “काकी, मग प्रश्नच मिटला! आई इथेच राहील. तुला एवढ्या लांब यायचीसुद्धा गरज नाही.”

“डॉक्टर,” चारुशीलाबाई म्हणाल्या, “तुमच्या या सांगात्याला राग येतो का?”

“नाही. तोच तर त्याचा गुण.”

“मग तो अबोला कशाचा धरणार? ज्याला राग येत नाही तो बोलायचा थांबला, तर त्याला आम्ही बंद पडणं म्हणतो.”

“पण आजी, त्यांना फरक कळणार नाही.”

“महिनाभर तुम्ही तिला मरणाच्या दारात बसवलंत, तेव्हा तुम्हाला तरी कुठे कळलं होतं? तिचं डोकं गेलंय म्हणून तुम्ही पट्टी लावता. तुमच्या डोक्याला कोण लावणार?” मग त्या परागकडे वळल्या. “सामान बांध आईचं. त्या मागच्या गल्लीतल्या घरी ठेवू.”

“फिनेलवाल्या? काकी, तूच म्हणालीस गोठा बरा!”

“म्हणाले. आणि आहेच गोठा. पण फिनेलचा वास येतो म्हणजे कुणीतरी फरशी पुसतं. आणि माझे गुडघे तिथवर पोहोचतात. घरी मला तिला आवरणं होत नाही, आणि इथे तुम्ही तिला मारून हसवाल. तिथे खुर्चीवरून का होईना, माणसं भांडत होती.”

पराग पुष्कळ बोलला. आईच्या भल्याचं, खर्चाची काळजी नसल्याचं, लोक काय म्हणतील याचंही. चारुशीलाबाई फक्त एकदाच बोलल्या. “सूनमुखाच्या वेळी मी खांबाशी उभी होते ते तू बघितलंस. तेव्हा बोलला नाहीस. आताही गप्प बस.” तो गप्प बसला. तेवढं त्याला नीट जमत असे.

सरनोबतबाईंनी हेमलताबाईंना घेतलं, पण मागोमाग टेम्पोतून फ्रीज उतरलेला बघून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“अहो बाई, हितं माणसांना जागा न्हाई. ह्यो कुठं ठेवू? चालतो तरी का?”

“नाही.”

“मग काय करायचा?”

“ऐकतो,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

‘निवांत’ने पुढे आपल्या सेवांत ‘लटका रुसवा’ नावाची नवी सोय सुरू केल्याचं परागने फोनवर कळवलं. लोक म्हणे खूश होते. चारुशीलाबाईंनी फोन ठेवून चूळ भरली.

त्या रोज दुपारी डबा घेऊन मागच्या गल्लीत जात. फ्रीज हेमलताबाईंच्या खाटेशी, भिंतीला लावलेला. एकीचं तोंड खिडकीकडे, दुसरीचं दाराकडे. मीठ, तिखट, वाळवणं, कुणी कुणाची बरणी कुठल्या साली फोडली, सगळं निघे. काही दिवस थोरली धाकटीला ओळखे, काही दिवस नाही. टोमणा मात्र बरोबर जागी बसे. खुर्चीवाल्या दोघी आपलं भांडण सोडून ऐकायला येत, आणि चारुशीलाबाई त्यांना फ्रीजच्याच मार्फत हाकलत.

थंडी पडायला लागली त्या सुमारास एके दुपारी त्या डबा घेऊन आत शिरल्या, तर थोरलीने मान उचलली, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि प्रसन्न हसली.

“या बाई,” ती म्हणाली. “बसा ना. उन्हातून आलात, दमला असाल.”

चारुशीलाबाईंच्या हातातला डबा निसटता निसटता राहिला. एवढ्या वर्षांत थोरलीने त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. आवाजात कुठे काटा नव्हता. छतातून यावा तसा गुळगुळीत. अबोला सुटला होता, आणि तो सुटला म्हणजे काय हे त्या घरात फक्त दोघींना ठाऊक होतं. आता एकीलाच.

त्या बसल्या नाहीत. सावकाश पाठ फिरवली, गंजलेल्या पोपटी दारावर हात टेकला.

“फ्रीजदादा,” त्या म्हणाल्या, “सांगा लोकांना. हे असलं लाडीगोडीचं बोलणं आपल्या घरात चालत नाही. ही काय रीत झाली? बेळगावच्या बहिणीशी बोलावं असं.”

पलीकडे सरनोबतबाई कुणावर तरी ओरडत होत्या. चारुशीलाबाई दाराच्या गंजाकडे बघत उभ्या राहिल्या.

बऱ्याच वेळाने खाट करकरली.

“फ्रीज,” थोरलीचा आवाज आला, आणि त्यात पुन्हा तो जुना बारीक काटा होता, “ह्या भांडखोर बाईला आत कुणी सोडलं? आणि आलीच आहे तर विचार तिला, डब्यात आज तरी मीठ घातलंय का.”

चारुशीलाबाईंनी खुर्ची ओढली, पाठ करून बसल्या आणि डब्याचं झाकण उघडलं.

“सांगा त्यांना,” त्या म्हणाल्या, “जीभ असेल तर कळेल.”